शेवटची पाळी कधी आली होती?

लग्नाला पाच आठवडे झालेत आणि तपासणीच्या कागदावर लिहिलंय, ‘गर्भ सात आठवड्यांचा’. असा कागद घरी आला की सासूबाई बोटं मोजायला लागतात. कागद चुकलेला नसतो, आणि सूनही नाही. गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिले दोनेक आठवडे गर्भ नसतानाच हिशेबात येतात. पाळीचा दिवस बाईला माहीत असतो. गर्भ राहिल्याचा क्षण कुणालाच कळत नाही.

प्रसूतीची तारीख काढायचा नियम हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले (१७७८–१८५१) यांच्या नावाने चालतो: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवा. १० जानेवारीची पाळी, तर १७ ऑक्टोबर. २८० दिवस झाले. आपल्या आज्यांचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ दोनच दिवसांनी पुढे!

पण हा हिशेब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा. म्हणून डॉक्टर लगेच विचारतात, “पाळी किती दिवसांनी येते?” मला सगळ्यात आवडतो तो हा प्रश्न. चक्राच्या पहिल्या भागात बीज पिकतं. त्याला कुणाकडे दहा दिवस लागतात, कुणाकडे तीन आठवडे. बीज बाहेर पडलं की मागे उरलेल्या पुटकुळीचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवून गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतो. त्याचं आयुष्य साधारण १४ दिवसांचं. गर्भ रुजला तर तो एचसीजी नावाचं संप्रेरक पाठवून पीतपिंडाला जगवतो (लघवीच्या पट्टीवर दिसतं ते हेच). नाही रुजला, तर पिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तर सुटतं. हीच पाळी. थोडक्यात, चक्राचा दुसरा भाग जवळजवळ ठरलेला, कमीजास्त होतो तो पहिला. चक्र ३५ दिवसांचं असेल तर बीज १४ व्या नव्हे, २१ व्या दिवसाच्या आसपास सुटतं आणि तारीख २४ ऑक्टोबरवर जाते. हा प्रश्न राहिला, तर वेळेत असलेल्या बाळालाही ‘तारीख उलटली’ म्हणून घाई होते.

तारीख आठवत नाही म्हणणारी बाईसुद्धा “गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजूला बसले” असं बिनचूक सांगते. विटाळ हा शुद्ध खुळचटपणा, पण त्याने ठेवलेली ही नोंद मात्र कामाला येते. फक्त तिथी सरकते: गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला. त्यामुळे तपासणीच्या खोलीत कालनिर्णय हवंच. (याच पाळीच्या तारखेवरून मुलगा की मुलगी सांगणारे तक्ते मोबाइलवर फिरतात, ते सरळ पुसून टाका.)

अंगावर पिणारं मूल असताना पुन्हा दिवस गेले, तर सांगायला कधीकधी पाळीच नसते. मग पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी उपयोगी पडते. डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून ती पाच-सात दिवसांच्या फरकाने वय सांगते. उशीर केला तर हा फरक वाढतो, कारण पुढे प्रत्येक बाळ आपापल्या चालीने वाढतं.