मोडेम जोडणीतील अक्षरबिघाड

दोन वेगळ्या जातीचे संगणक टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने, म्हणजे संगणकाचे संकेत आवाजात आणि आवाज पुन्हा संकेतांत बदलणाऱ्या यंत्राने, जोडले, की एकाने धाडलेला मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर कधी अगम्य चिन्हांत, कधी वेड्यावाकड्या ओळींत दिसतो. हा बिघाड आणि त्याची दुरुस्ती हा या नोंदीचा विषय. १९९० च्या दशकात रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीहून मुंबई-पुण्याचा संगणक डायल करणाऱ्यांना तो चांगलाच परिचयाचा होता. इथे डॉसवरचा पीसी आणि तिकडे युनिक्सचे यंत्र, ही नेहमीची जोडी; डॉस आणि युनिक्स या संगणक चालवणाऱ्या दोन वेगळ्या प्रणाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यातले विद्यार्थ्यांचे शेल खाते, म्हणजे दूरच्या यंत्रावर नुसते हुकूम टंकून चालवायचे खाते, हीही निव्वळ अक्षरांचीच देवाणघेवाण होती.

कोकणात पहिला आळ लाइनीवर येई. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्यावर तारांच्या जोडांत पाणी शिरते, माडाची झावळ खांबावर पडते, आणि रिसीव्हर उचलला की खरखर ऐकू येते. त्यामुळे हा आळ अगदीच खोटा नसे. पण लाइनीची खरखर अक्षरे कुठेही, कशीही मोडते. तोच मजकूर पुन्हा मागवावा: दुसऱ्या वेळी वेगळ्या जागी मोडला तर दोष तारेचा, त्याच जागी, त्याच चिन्हांत मोडला तर दोष दोन्हीकडच्या मांडणीचा, आणि तो ऐन श्रावणातही घरबसल्या सुटतो. मोडेममध्ये एमएनपी किंवा व्ही.४२ ही त्रुटिसुधारणा चालू असेल तर निदान आणखी सोपे, कारण तेव्हा खरखरीने मजकूर अडखळतो, पण मोडेमांमधल्या टप्प्यात बिघडत नाही.

मांडणीच्या दोषांत सर्वांत फसवा दोष पॅरिटीचा. तारेवर एक अक्षर सहसा दहा बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक अशा दहा खुणांत, जाते: आरंभाचा एक, शेवटचा एक (स्टॉप बिट), मध्ये आठ. हे मधले आठही एक बाजू मजकुराचे धरते. दुसरी सात मजकुराचे आणि आठवा पडताळ्याचा, म्हणजे पॅरिटीचा. बेरीज दोन्हीकडे दहाच, म्हणून जोडणी बिनतक्रार होते आणि चूक लपते. सम पॅरिटीत ‘१’ असलेल्या बिटांची संख्या सम राहील असा आठवा बिट ठेवतात. अशा पॅरिटीने पाठवलेले इंग्रजी कॅपिटल ‘ए’ नीट उतरते, कारण त्यात ‘१’चे बिट दोन. ‘सी’मध्ये ते तीन, म्हणून आठवा बिट पेटतो आणि डॉसच्या पडद्यावर ‘सी’ऐवजी चौकटीच्या रेघेचा तुकडा उमटतो. काही अक्षरे शाबूत, काही विचित्र, आणि एक अक्षर दरवेळी एकाच चिन्हात बदललेले: असे दिसले की टर्मिनल प्रोग्रॅममध्ये, म्हणजे मोडेमवरून आलेला मजकूर पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सात बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप बिट अशी मांडणी करून पाहावी.

मराठी मजकुरात हेच उलटे घडे. भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या १९९१ च्या इस्की प्रमाणात खालच्या १२८ जागा इंग्रजीच्या आणि वरच्या जागांत देवनागरी. वाटेत कुणी आठवा बिट छाटला की मराठीची इंग्रजी होई: ‘कोकण’ हा शब्द तीनचा आकडा, स्मॉल ‘ई’, पुन्हा तीन आणि कॅपिटल ‘ए’ असा उतरे. उलट पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे, पडद्यावर भारतीय लिप्या दाखवणारे जिस्ट कार्ड बसवलेल्या पीसीवर वर सांगितलेला ‘सी’ चक्क ‘थ’ होऊन येई. इस्कीला पूर्ण आठ बिट लागतात आणि पॅरिटी अजिबात चालत नाही. वाट सातच बिटांची असेल तर १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात सुरू झालेला कर्मिट हा फाइल पाठवण्याचा प्रोग्रॅम वापरावा. तो आठव्या बिटाच्या अक्षराआधी खुणेचे चिन्ह जोडतो आणि पलीकडे ते सोडवून घेतो.

ओळींचे दुखणे सोपे. युनिक्समध्ये ओळीच्या शेवटी फक्त लाइन फीड (एक ओळ खाली जाण्याची खूण) असतो, जुन्या मॅकवर फक्त कॅरेज रिटर्न (ओळीच्या आरंभी परतण्याची खूण), डॉसला दोन्ही लागतात. म्हणून युनिक्सची फाइल कच्ची सोडली की डॉसच्या पडद्यावर ओळी जिन्यासारख्या उजवीकडे उतरतात, आणि मॅककडची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवरच चढते. टर्मिनलमध्ये येणाऱ्या ओळीला उरलेले चिन्ह जोडण्याची सोय असते. टंकलेले अक्षर दुहेरी दिसले तर लोकल एको, म्हणजे टंकलेले अक्षर आपल्याच पडद्यावर उमटवण्याची सोय, बंद करावा, काहीच दिसले नाही तर चालू. डावा बाण, चौकटी कंस आणि आकडे असा कचरा सांडला तर तो रंग व कर्सर हलवण्याचा हुकूम असतो. टर्मिनल व्हीटी१०० या प्रचलित टर्मिनल-प्रकारावर न्यावे आणि पलीकडच्या यंत्रालाही तेच सांगावे.

अक्षरे गळत असतील तर प्रवाह-नियंत्रण, म्हणजे समोरच्याला ‘थांब’ आणि ‘पाठव’ सांगण्याची सोय, पाहावे. जुन्या सीरियल चिपला एकच अक्षर धरून ठेवता येई, १६५५०ए चिपला सोळा. भलताच एक घोटाळा ‘थांब’ सांगणाऱ्या कंट्रोल-एसचा: चुकून दाबले की पडदा गोठतो आणि ‘लाइन गेली’ म्हणून फोन आपटला जातो. कंट्रोल-क्यू दाबताच मजकूर पुढे वाहू लागतो.

श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली बातमी मात्र बिनचूक पोहोचूनही वाचता येत नसे. तिथे पाठवलेले आकडे अक्षरांचे नव्हे, त्या फॉन्टमधल्या आकारांचे असतात. तोच फॉन्ट पलीकडे हवा, नाहीतर पाठवण्याआधी मजकूर इस्कीत रूपांतरित करावा. त्या दोषाला मोडेमची कुठलीही मांडणी पुरी पडत नाही.