वलंदेजांचं शहर, विटेविटेने

डचांच्या, म्हणजे वलंदेजांच्या, भाषेत नगरचित्राला 'स्टाड्सखेझिख्त' म्हणतात. त्यातल्या 'खेझिख्त'चे अर्थ दोन: दृश्य आणि चेहरा. ॲमस्टरडॅमच्या इसाक औवाटरची (१७४८–१७९३) चित्रं पाहताना दुसरा अर्थच जास्त पटतो, इतक्या बारकाईने त्याने भिंतीतली वीटन् वीट रंगवली आहे.

पण त्याने रंगवलेलं बरंचसं शहर त्याच्या आधीच्या शतकातलं. १६१३ पासून हेरनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे कालवे खणले गेले. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचा पैसा त्यांच्या काठावरच्या घरांत मुरला. आपल्याकडे वेंगुर्ल्याला वखार होती ती याच वलंदेजांची. घरं अरुंद, जिने त्याहून अरुंद. म्हणून सामान वर चढवायचं ते बाहेरून, माळ्याजवळच्या तुळईला दोर लावून. ती तुळई नगरचित्रांत हमखास दिसते.

हा चित्रप्रकारही जुनाच. यान व्हान डर हेयडेन (१६३७–१७१२) हा त्यातला मोठा उस्ताद, आणि गंमत म्हणजे शहरातल्या रस्त्यांवरच्या दिव्यांची योजना त्याचीच. आगीच्या बंबाला नळी जोडण्याची युक्तीही त्याच्याच घरातली. शहर नुसतं रंगवणारा नव्हे, चालवणारा माणूस! औवाटर त्याच्याच वाटेने गेला. फरक काळाचा. १७८० ते १७८४ च्या इंग्रजांबरोबरच्या युद्धाने डच व्यापाराचं कंबरडं मोडलं, आणि १७९९ च्या अखेरीस कंपनीच संपली. चित्रातल्या पाण्यावर मात्र यातला एक तरंगही उठत नाही. मला हा शांतपणा थोडा हट्टाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट चित्रात येऊ शकत नाही, ती म्हणजे वास. घाण कालव्यातच जायची, त्यामुळे काठावर राहूनही ते पाणी पिता येत नसे. गोडं पाणी व्हेख्त नदीतून होड्यांनी आणून विकलं जाई. नळाने पाणी आलं ते १८५३ मध्ये, हारलेमजवळच्या वाळूच्या टेकड्यांतून.

पुढे एकोणिसाव्या शतकात कित्येक कालवे बुजवले गेले. नीवेझाइड्स फोर्बुर्खवाल १८८४ मध्ये बुजला, रोझनग्राख्त १८८९ मध्ये; आज दोन्ही ठिकाणी ट्राम धावते.