घरगुती जनरेटर : सुरक्षित वापर

वीजपुरवठा खंडित झाल्यावर घरापुरती वीज तयार करणारे, पेट्रोल, डिझेल किंवा गॅसवर चालणारे यंत्र म्हणजे घरगुती जनरेटर. घरोघरी इन्व्हर्टर आल्यापासून महाराष्ट्रात त्याची गरज घटली. तरी विहिरीवरचा पंप, फ्रीज किंवा रुग्णाचे ऑक्सिजन यंत्र साध्या इन्व्हर्टरवर दिवसभर चालत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतली कितीतरी गावे त्यानंतर बरेच दिवस अंधारात राहिली. अशाच वेळी अडगळीतला जनरेटर बाहेर निघतो, आणि भर पावसात, घाईत, जमेल तसा जोडला जातो.

जोडणीतली चूक घराबाहेरच्या माणसाचाही जीव घेऊ शकते. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीवरच्या सॉकेटमध्ये सोडली, की घर उजळते. पण मेन स्विच चालू राहिला असेल, तर तीच वीज मीटरमधून खांबावर चढते. वायरमन याला रिटर्न सप्लाय म्हणतात. गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ११,००० व्होल्टची वीज उतरवून घरांना सुमारे २३० व्होल्टने देते. वीज खालून आली, तर तीच डीपी उलट काम करते आणि वरच्या तारांवर हजारो व्होल्ट येतात. सगळ्या गावाचा भार पडल्यावर छोटा जनरेटर आपोआप बंद पडेल, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. तार घराजवळच तुटलेली असेल, तर पुढे भारच उरत नाही, आणि जमिनीवर लोळणाऱ्या तारेत वीज राहते. शिवाय त्या वायरचा एक प्लग सॉकेटातून निसटला, तर त्याच्या उघड्या पिना हातात येतात, त्या वेगळ्याच.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे : चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, त्यामुळे महावितरणची वीज आणि जनरेटर एकत्र येऊच शकत नाहीत. स्विचने फेजबरोबर न्यूट्रलही तोडायला हवा; म्हणून सिंगल फेजला दोन पोलचा आणि थ्री फेजला चार पोलचा स्विच घेतात. ‘मेन पाडायला मी विसरणार नाही’ हा भरवसा या स्विचची जागा घेऊ शकत नाही. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, आणि अर्थिंगही त्याच वेळी तपासून घ्यावे. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल, तर विजेची गळती होऊनही आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, पडत नाही. छतावर सोलर असल्यास त्याची जोडणी चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या बाजूला ठेवतात; नाहीतर सोलरचा इन्व्हर्टर जनरेटरलाच ग्रिड, म्हणजे महावितरणचा पुरवठा, समजून त्यात वीज ढकलतो.

दुसरा धोका धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. गॅलरी, जिन्याखालची जागा, स्टिल्ट पार्किंग, अर्धे शटर ओढलेला गाळा : यांपैकी कोणतीच जागा जनरेटरसाठी ‘हवेशीर’ नाही. जनरेटर उघड्यावर, घरापासून किमान सहा मीटरवर ठेवावा. सायलेन्सरचे तोंड खिडकी-दारांच्या विरुद्ध दिशेला हवे. पावसासाठी वर पत्रा चालतो, पण चारही बाजू मोकळ्या हव्यात. साउंडप्रूफ डब्यातल्या डिझेल जनरेटरचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत ठेवण्याचा नियम आहे. डबा आवाज अडवतो, विषारी वायू नाही. विषबाधेची सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर अशी होते, म्हणून ती पित्तावर ढकलली जाते. घरातल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले, तर आधी सर्वांनी बाहेर पडावे आणि १०८ ला फोन करावा. कोविडच्या काळात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ओळखता येत नाही आणि आकडा नेहमीसारखाच दिसतो.

भाराच्या बाबतीत फसवतात त्या मोटारी. पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट घेतो. म्हणून आधी पंप, मग फ्रीज, शेवटी दिवे-पंखे असा क्रम ठेवावा. डिझेल इंजिन मात्र फारच कमी भारावर तासन्‌तास चालवले, की न जळलेले इंधन सायलेन्सरमध्ये साचते.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडला तरी भडका उडतो. ऑइलही थंड इंजिनातच तपासतात. महिन्यातून एकदा, थोडा भार देऊन, दहा-पंधरा मिनिटे जनरेटर चालवावा. बटणस्टार्ट जनरेटर ऐन वेळी रुसतो तो बहुधा उतरलेल्या बॅटरीमुळे. पेट्रोल जनरेटर बराच काळ ठेवून द्यायचा असेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरते. वापराआधी सायलेन्सरच्या तोंडात डोकावून पाहावे. कुंभारीण माशीला मातीचे घर बांधायला असे भोक चालते.