बाळगणे म्हणजे सेवन नव्हे

अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत ‘बाळगण्याचा’ वाटा कोणत्या देशात किती, अशी टक्केवारी कुठे छापून आली की गोव्यात ठरलेला निष्कर्ष निघतो: वाटा मोठा, म्हणजे नशा करणारे जास्त. हे साफ चुकीचे आहे, आणि आता तरी थांबायला हवे.

विक्री म्हणजे काय हे हणजूण-कळंगुटात कुणाला समजावून सांगायला नको. घोटाळा होतो तो बाळगणे आणि सेवन या दोहोंत.

अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यात सेवनाला वेगळे कलम आहे, २७. त्यासाठी माल सापडावाच लागतो असे नाही. रक्त-लघवीच्या तपासणीवरही प्रकरण उभे राहते. शिक्षा कोकेन, मॉर्फिन, हेरॉइनला एक वर्षापर्यंत, बहुतेक इतर पदार्थांना सहा महिन्यांपर्यंत, किंवा नुसता दंड.

बाळगण्याच्या गुन्ह्याला मात्र माल लागतो, पंचनामा लागतो, वजन लागते. गांजा-चरस असेल तर कलम २०, कोकेन-हेरॉइनला २१, एमडीएमए (एक्स्टसी)-एलएसडीला २२. इथे शिक्षा ठरते ती मुख्यतः वजनावर. माल कोणासाठी होता यावर नव्हे. २००१ च्या दुरुस्तीआधी ‘स्वतःच्या वापरासाठी थोडासा बाळगला’ हा प्रकार कलम २७ मध्येच होता. दुरुस्तीने तो तिथून काढला आणि अल्प, मधले, व्यापारी अशा तीन पायऱ्या केल्या. अल्प म्हणजे गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, एमडीएमए जेमतेम अर्धा ग्रॅम. व्यापारी प्रमाण सुरू होते गांजाला २० किलोच्या वर, चरसला १ किलोच्या, कोकेनला १०० ग्रॅमच्या आणि एमडीएमएला अवघ्या १० ग्रॅमच्या वर. शिवाय वजन शुद्ध पदार्थाचे धरायचे नाही. हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचे वजन धरायचे. पूडीत मिसळलेली साखरसुद्धा आरोपीला वरच्या पायरीवर नेऊ शकते.

अजून एक गोष्ट कायम निसटते. बाळगणे म्हणजे ताबा, आणि ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. भाड्याच्या स्कूटरच्या डिकीत पुडी निघाली, तर ती तिथे आहे हे चालवणाऱ्याला ठाऊक होते का, हा प्रश्न उरतोच. पण ताबा एकदा सिद्ध झाला की कलम ३५ आणि ५४ नुसार जाणीव नव्हती हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो.

आता आकड्यांकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात एनडीपीएसचे दोन रकाने असतात: वैयक्तिक वापरासाठी बाळगणे आणि तस्करीसाठी बाळगणे. ‘बाळगणे’ दोन्हीकडे आहे! दोन्ही रकाने एकत्र करून इतर देशांच्या ताब्याच्या आकड्याशेजारी ठेवले, की तुलना तिथेच कोसळते. इंग्लंड-वेल्समध्ये पुरवठ्याच्या हेतूने बाळगणे तस्करीच्या खात्यात जाते, ताब्याच्या नव्हे.

बाकी देशांत कायदाच निराळा. अमेरिकेत २०१९ साली अमली पदार्थांखाली सुमारे १५.६ लाख अटका झाल्या आणि त्यांतल्या जवळपास ८७ टक्के ताब्यासाठी होत्या. पण तिथे मोजल्या जातात अटका, गुन्हे नव्हेत. पोर्तुगालमध्ये जुलै २००१ पासून साधारण दहा दिवसांच्या वापराइतका माल जवळ असणे हा फौजदारी गुन्हाच नाही, त्यामुळे तो माणूस गुन्ह्यांच्या यादीत येतच नाही. नशा तिथेही होते. उलट स्वीडनने १९८८ मध्ये सेवनच गुन्हा केले आणि १९९३ मध्ये पोलिसांना त्यासाठी रक्त-लघवी तपासण्याची मुभा दिली. अशा देशात वापराचे गुन्हे फुगणारच.

टक्केवारी वाचताना छेदाकडे, म्हणजे एकूण गुन्ह्यांच्या संख्येकडेही पाहा. पोलिसांनी एखाद्या वर्षी तस्करांवर जोर दिला, तर ताब्याचा वाटा घसरेल आणि नशा करणारा एकही माणूस कमी झालेला नसेल.

म्हणूनच ‘अमली पदार्थ बाळगल्याप्रकरणी एकाला अटक’ एवढ्यावर बातमी संपवणे मला अजिबात पटत नाही. कलम आणि वजन हवेच. ९०० ग्रॅम गांजा म्हणजे जास्तीत जास्त एक वर्ष किंवा दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. १२ ग्रॅम एमडीएमए म्हणजे दहा ते वीस वर्षे, वर किमान एक लाखाचा दंड आणि कलम ३७ मुळे जामीनही अवघड. मथळ्यात दोघांनीही फक्त ‘बाळगले’ असते.