बी.एस्सी. अ‍ॅग्री झालात? अ‍ॅग्री-क्लिनिक योजनेची पात्रता, कागदपत्रं आणि अर्जानंतरचा पाठपुरावा

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चार कृषी विद्यापीठांतून आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो मुलं-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यातले कितीतरी जण पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेला बसतात. परीक्षा जरूर द्या. पण खास कृषी पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी केंद्र सरकारची एक योजना ९ एप्रिल २००२ पासून चालू आहे, आणि आजही शेवटच्या वर्षातली मुलं मला विचारतात, "असं काही असतं का?" म्हणून हे सविस्तर लिहितोय.

योजनेचं नाव अ‍ॅग्री-क्लिनिक अँड अ‍ॅग्री-बिझनेस सेंटर्स. प्रशिक्षणाची बाजू हैदराबादची 'मॅनेज' ही राष्ट्रीय संस्था बघते, अनुदानाची बाजू नाबार्ड, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक. तुम्ही ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण घ्यायचं, त्यातच स्वतःच्या व्यवसायाचा प्रकल्प अहवाल तयार करायचा, मग बँकेकडून कर्ज घेऊन केंद्र उभं करायचं. त्या कर्जाला अनुदान मिळतं. माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा, रोपवाटिका, पीक सल्ला केंद्र, अवजारं भाड्यानं देण्याचं केंद्र, गांडूळखत, दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, बियाणं प्रक्रिया असे बरेच व्यवसाय यात बसतात.

पात्र कोण?

वय १८ ते ६० वर्षं. कृषी किंवा संलग्न विषयातली पदवी अथवा पदव्युत्तर पदवी चालते. फलोत्पादन, पशुवैद्यक, दुग्धतंत्रज्ञान, वनशास्त्र, मत्स्यशास्त्र, कृषी अभियांत्रिकी हे सगळे विषय संलग्न धरले जातात. कृषी पदविका असेल तर किमान ५० टक्के गुण लागतात. जीवशास्त्र शाखेतून बी.एस्सी. करून पुढे कृषी विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनाही अर्ज करता येतो.

बारावीला कृषीचा व्यावसायिक अभ्यासक्रम किमान ५५ टक्के गुणांनी पूर्ण केलेले उमेदवारही पात्र आहेत. ही गोष्ट खेड्यातल्या मुलांपर्यंत पोचतच नाही. घरच्या अडचणीनं ज्यांचं शिक्षण बारावीला थांबलं, त्यांनी आपला अभ्यासक्रम यात बसतो का हे विचारल्याशिवाय राहू नये.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज ऑनलाइन आहे. 'एसीएबीसीएमआयएस डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी पोर्टलवर तो भरायचा. आधार क्रमांक, स्वतःचा चालू ई-मेल, शेवटच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, बँक खात्याचा तपशील आणि फोटो एवढं जवळ असलं की अर्ज पूर्ण होतो. अर्जातच आपल्याला सोयीची प्रशिक्षण संस्था निवडायची असते. कुठल्या जिल्ह्यात कोणती संस्था आहे, ते पोर्टलवरच दिसतं.

ई-मेल स्वतःचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड मिळतो, त्यावरूनच पुढे अर्जाची स्थिती बघायची असते. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. माझ्या भाच्यानं तो फक्त मोबाइलमध्ये ठेवला होता. मोबाइल बिघडला आणि दोन आठवडे त्यातच गेले. त्यात त्याच्या आधारवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगनं आणि गुणपत्रिकेवर दुसऱ्या. अर्ज करायच्या आधी गुणपत्रिका, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा. दुरुस्ती करायची असेल तर ती आधी करा.

अर्ज गेल्यावर संस्था छाननी करते आणि उमेदवारांना बोलावते. साधारण ३५ जणांची एक तुकडी होते. प्रशिक्षण, राहणं आणि जेवण यांचा खर्च योजनेतून होतो, त्यामुळे "नंबर लावून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाकडे जाण्याचं कारणच नाही. शंका असेल तर १८००-४२५-१५५६ या टोल-फ्री क्रमांकावर विचारा.

प्रकल्प अहवाल: इथंच फाइल अडते

४५ दिवसांत बाजार पाहणी, हिशेब, परवाने, चालू असलेल्या केंद्रांना भेटी असं बरंच काही होतं. पण सगळ्यात जास्त जीव लावायचा तो प्रकल्प अहवालात. भाच्याबरोबर मी बँकेत गेलो होतो. माती परीक्षण प्रयोगशाळेचा प्रस्ताव होता. अधिकाऱ्यांनी पानं चाळली आणि एकच विचारलं, "महिन्याला एवढे नमुने लिहिलेत, ते येणार कुठल्या गावांतून?" याला उत्तर देता येईना, कारण तो आकडा मित्राच्या अहवालातून उचललेला होता. प्रश्न अगदी रास्त होता.

आम्ही परत आलो. त्यानं पुढचा महिना आसपासच्या गावांत काढला. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागायतदारांना भेटला. वर्षातून किती वेळा माती, पाणी, पानदेठ तपासता, सध्या कुठं पाठवता, किती पैसे देता, रिपोर्ट किती दिवसांनी येतो, हे सगळं गाववार लिहून काढलं. नमुन्यांचा आकडा आधीपेक्षा खाली आला, पण प्रत्येक नमुन्यामागे गाव होतं. तोच अहवाल पुढे मंजूर झाला.

अहवालासोबत बँकेला साधारणपणे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, यंत्रसामग्रीची कोटेशनं, जागेचा सातबारा किंवा भाडेकरार, ओळखपत्रं आणि लागू असेल तर जातीचा दाखला लागतो. सिबिल, म्हणजे जुनी कर्जं कशी फेडली यावरून मिळणारे गुण, आधीच तपासून घ्या. खतं, बियाणं, कीटकनाशकं विकायची असतील तर त्यांचे परवाने कृषी विभागाकडून वेगळे काढावे लागतात. या योजनेच्या प्रमाणपत्रात ते येत नाहीत.

अनुदान किती आणि कसं?

एकट्याच्या प्रकल्पाला २० लाख रुपयांपर्यंतचा खर्च अनुदानासाठी धरतात, पाच प्रशिक्षितांच्या गटाला १ कोटीपर्यंत. सर्वसाधारण गटाला अनुदान ३६ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ईशान्येकडची आणि डोंगरी राज्यं यांना ४४ टक्के. अर्ज करताना पोर्टलवरच्या चालू मार्गदर्शक सूचनांशी हे आकडे एकदा ताडून घ्या.

अनुदान तुमच्या हातात रोख येत नाही. समजा प्रकल्प १० लाखांचा आहे. तुम्ही १ लाख घातले आणि बँकेनं ९ लाख कर्ज दिलं. ३६ टक्क्यांनी अनुदान ३ लाख ६० हजार. कर्जाचा हप्ता तुम्हाला दिल्यावर बँक नाबार्डकडे मागणी करते, आणि आलेली रक्कम तुमच्या नावानं वेगळ्या राखीव खात्यात ठेवते. तेवढ्या रकमेवर तुम्हाला व्याज लागत नाही, म्हणजे व्याज ५ लाख ४० हजारांवरच. तुम्ही बाकी कर्ज नियमित फेडलं की शेवटी ही रक्कम कर्जात वळती होते. तीन वर्षांच्या आत कर्ज मिटवून अनुदान पदरात पाडता येत नाही. केंद्र बंद पाडलं किंवा कर्ज थकवलं तर अनुदानही जातं.

पाठपुरावा

प्रशिक्षण झालं म्हणजे कर्ज मिळालंच असं नाही, निर्णय बँकेचा. म्हणून फाइल दिली की तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्या. अ‍ॅग्री-क्लिनिकचं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम क्षेत्रात (बँकांनी ठरावीक वाटा कर्ज द्यायचंच अशा क्षेत्रात), शेतीखाली मोडतं, हे शाखेत नम्रपणे पण ठामपणे सांगा. नकार मिळाला तर कारण लेखी मागा आणि ते घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकांना किंवा नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांना भेटा. ही माणसं भेटतात, फक्त कागद हातात घेऊन जायला हवं.

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेवरही पुढे वर्षभर तुम्हाला हात देण्याची जबाबदारी असते. कोण उद्योजक झाला, कोणाचं प्रकरण कुठं अडलं याची नोंद त्यांनी ठेवायची असते. फोनची वाट बघत बसू नका. दर महिन्याला आपणच फोन करा, बँकेत काय झालं ते सांगा, गरज पडली तर संस्थेच्या माणसाला शाखेत बरोबर घेऊन जा. भाच्याच्या दुसऱ्या भेटीला असा एक प्रशिक्षक सोबत होता, आणि यंत्राच्या देखभालीचे जे प्रश्न आले त्यातले निम्मे त्यानंच सोडवले.