डायरेक्ट प्ले : घरच्या सर्व्हरवर ट्रान्सकोडिंग टाळणं

घरातल्या मीडिया सर्व्हरवर ठेवलेली व्हिडिओ फाइल आहे तशीच, एक बिटही न बदलता, टीव्हीपर्यंत किंवा मोबाइलपर्यंत पोचवायची आणि तिथल्याच चिपकडून ती डिकोड करून घ्यायची, याला डायरेक्ट प्ले म्हणतात. ट्रान्सकोडिंग याच्या बरोब्बर उलट. समोरच्या यंत्राला फाइल झेपत नाही म्हणून सर्व्हर ती चालू असतानाच सोडवतो आणि दुसऱ्या फॉरमॅटमधे परत बांधून पाठवत राहतो. घरचा सर्व्हर म्हणजे बहुतेक वेळा प्लेक्स, जेलीफिन किंवा एम्बी (ही तिन्ही मीडिया सर्व्हरची सॉफ्टवेअरं) टाकलेला जुना डेस्कटॉप, एखादी नॅस (नेटवर्कला जोडलेली हार्डडिस्कची पेटी) नाहीतर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यामुळे हे काम का टाळायचं ते वेगळं सांगायला नको. प्लेक्सच्याच अंदाजाप्रमाणे १०८०पीची १० एमबीपीएसवाली एच.२६४ (व्हिडिओ दाबायची रुळलेली पद्धत) फाइल नुसत्या सीपीयूवर ट्रान्सकोड करायला साधारण २००० पासमार्क (प्रोसेसरची ताकद मोजायचे गुण) लागतात आणि ४के एचडीआर (जास्त उजेडाचा, जास्त रंगांचा व्हिडिओ) असेल तर १७०००. डायरेक्ट प्लेमधे सर्व्हरनी डिस्कवरून वाचायचं आणि नेटवर्कवर टाकायचं, संपलं, पायसुद्धा ते आरामात करतो. (विंडोजमधे 'डायरेक्टप्ले' नावाचा मायक्रोसॉफ्टचा गेमसाठीचा जुना घटक आहे, त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही, पण सर्चमधे दोन्ही एकत्र येतात आणि नवखा माणूस कंट्रोल पॅनेलमधे जाऊन भलतंच काहीतरी ऑन करून बसतो.)

उगम

ही पद्धत कधीपासूनची यावर एकमत नाही. एक बाजू ती डीएलएनए या यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेपासून मोजते. सोनी आणि इंटेलच्या पुढाकारानं २००३ मधे ही संघटना सुरू झाली, आणि कुठलंही सर्टिफाइड यंत्र किमान काही ठरावीक फॉरमॅट दाखवू शकेलच असा तिचा आग्रह होता, व्हिडिओसाठी घरगुती यंत्रांना एमपेग-२ (डीव्हीडीवर असते ती पद्धत) सक्तीचं होतं. म्हणजे दोन्ही टोकांना एकच भाषा येत असली की दुभाष्याची गरज नाही, ही कल्पना तिथेच आहे असं त्यांचं म्हणणं. दुसरी बाजू एक्सबीएमसी या व्हिडिओ प्लेअरकडे बोट दाखवते. पहिल्या एक्सबॉक्सवर, म्हणजे ७३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅमवर, हा प्लेअर नेटवर्कवरचं शेअर फोल्डर उघडून फाइल थेट चालवायचा, सर्व्हर बिचारा नुसता फाइल देणारा. हाच प्लेअर २०१४ पासून कोडी या नावानं ओळखला जातो. या दोन मतांत दुसरं जास्त पटतं, कारण डीएलएनएची सक्ती कागदावर राहिली आणि लोकांच्या हार्डडिस्क डिव्हएक्स नि एमकेव्ही अशा दुसऱ्याच फॉरमॅटच्या फाइलींनी भरल्या.

'टाळायची' गोष्ट म्हणून ट्रान्सकोडिंग पुढे आलं ते मात्र थोडं नंतर. २००६ च्या शेवटी आलेला प्लेस्टेशन ३ एमकेव्ही उघडत नसे, म्हणून २००८ च्या सुमारास पीएस३ मीडिया सर्व्हरसारखी सॉफ्टवेअरं एमएनकोडर आणि एफएफएमपेग ही व्हिडिओ बदलणारी टूल्स वापरून चालू फाइल बदलून द्यायला लागली. एफएफएमपेग हे फाब्रिस बेलार्ड यांनी २००० मधे सुरू केलेलं, आजही यातल्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हरच्या पोटात तेच आहे. प्लेक्स स्वतः एक्सबीएमसीच्या मॅकवरच्या आवृत्तीतून २००७-०८ मधे निघालं आणि पुढे त्यानी सर्व्हर वेगळा, क्लायंट (फाइल दाखवणारं यंत्र किंवा ॲप) वेगळा अशी मांडणी केली, आणि सर्व्हरला बदलून देता येतं म्हटल्यावर क्लायंट बनवणाऱ्यांचं फावलं. एम्बीनी आपला सगळ्यांना खुला असलेला कोड बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मधे त्यातून फुटून जेलीफिन निघालं, आणि त्याच्याबरोबर शब्दांचा एक घोळही आला.

शब्दांचा घोळ

घोळ असा की 'डायरेक्ट स्ट्रीम' हा शब्द दोन्हीकडे आहे पण अर्थ एक नाही. प्लेक्समधे आतला व्हिडिओ न बदलता फक्त बाहेरचा कंटेनर बदलला तर ते डायरेक्ट स्ट्रीम. जेलीफिनमधे त्याला रीमक्स म्हणतात, आणि डायरेक्ट स्ट्रीम म्हणजे व्हिडिओ तसाच पण ऑडिओ बदललेला. त्यामुळे एकजण म्हणतो माझं डायरेक्ट स्ट्रीम होतंय, दुसरा म्हणतो मग सीपीयू का खातंय, आणि दोघंही बरोबर असतात. खरी रेघ एकच, व्हिडिओला हात लागला की नाही. कंटेनर म्हणजे डबा, कोडेक म्हणजे व्हिडिओ किंवा ऑडिओ दाबायची पद्धत, आतली भाजी. डबा बदलायला मिनिटही लागत नाही, ऑडिओ बदलणं म्हणजे वरून फोडणी, तेही स्वस्तातलं काम, पण व्हिडिओ बदलणं म्हणजे भाजी परत पहिल्यापासून करणं. म्हणून डॅशबोर्डवर नुसता 'ट्रान्सकोड' शब्द बघून घाबरायचं कारण नाही, खाली व्हिडिओच्या ओळीत काय लिहिलंय ते बघायचं.

कशामुळे अडतं

डब्याचा प्रश्न सगळ्यात हलका. मात्रोस्का म्हणजे एमकेव्ही २००२ च्या डिसेंबरात जाहीर झाला, आज बहुतेक टीव्ही तो उघडतात, ब्राउझर मात्र कुरकुर करतात. एफएफएमपेगला 'कॉपी' सांगून एमपी४ मधे टाकलं की झालं, वेळ लागतो तो फक्त डिस्कचा, आणि दर्जात काडीचाही फरक पडत नाही.

कोडेकमधे २००३ चा एच.२६४ सगळीकडे चालतो, पण त्यातही एक पाचर आहे, ८ बिटवाला (बिट जास्त तितक्या रंगांच्या छटा बारीक) चालतो, १० बिटवाला बहुतेक टीव्हींच्या चिपना समजत नाही, आणि ॲनिमेला (जपानी कार्टूनना) हौसेनं सबटायटल लावणारे फॅन-सबवाले २०११ च्या आसपास नेमके त्याच्यामागे लागले, त्या काळातला साठा अजून लोकांना छळतो. एच.२६४ नंतर आलेल्या एचईव्हीसीचं उलटं आहे, तिथे १० बिट सर्रास चालतो. २०१३ चं हे कोडेक टीव्हींमधे आलं तरी क्रोमनी ते घेतलं २०२२ मधे, तेही हार्डवेअर असेल तरच. तात्पर्य, ब्राउझरमधे सिनेमा बघून सर्व्हरची परीक्षा घेऊ नये, ब्राउझर हा सगळ्यात गरीब क्लायंट आहे. ऑडिओत डीटीएस या फॉरमॅटचं लक्षात ठेवावं, सॅमसंगनी २०१८ च्या मॉडेलांपासून त्याचा सपोर्ट काढला, एलजीनी २०२० मधे काढून २०२३ मधे काही मॉडेलांत परत दिला, म्हणून नवीन टीव्ही आणल्यावर जुनी फाइल 'बिघडली' असं वाटतं.

पण खरा चोर सबटायटल. एसआरटी हा साधा मजकूर असतो, तो बाजूनी पाठवता येतो. ब्लू-रेवरून आलेले पीजीएस सबटायटल म्हणजे अक्षरं नाहीतच, चित्रं आहेत, डीव्हीडीच्या व्हॉबसबचंही तेच, आणि ती चित्रं क्लायंटला दाखवता येत नसली की सर्व्हर ती प्रत्येक फ्रेमवर छापतो, म्हणजे बर्न-इन. एका ओळीच्या संवादासाठी अख्खा सिनेमा नव्यानं एनकोड. प्रस्तुत नोंदकाराकडच्या चौथ्या पिढीच्या आय३ वर एक ४के फाइल दर चार सेकंदांनी अडकायची, पंखा मिक्सरसारखा ओरडायचा, लॉगमधे स्पीड ०.३ दाखवायचा (हा आकडा १ च्या खाली गेला की बनणारा व्हिडिओ बघणाऱ्याच्या मागे पडतो, अडकणार हे नक्की). दोन दिवस केबल, राउटर, रॅम सगळं तपासून झालं, आणि कारण निघालं ते आपोआप चालू झालेलं पीजीएस सबटायटल. ते बंद करून एसआरटी लावल्यावर सीपीयू ९८ टक्क्यांवरून ३ वर. एचडीआर फाइल असेल तर वर टोन मॅपिंगचाही (एचडीआरचे रंग साध्या स्क्रीनसाठी बदलण्याचा) बोजा पडतो, ते नीट नसलं तर रंग धुतल्यासारखे फिके दिसतात. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकारातला प्रोफाइल ५ तर न समजणाऱ्या स्क्रीनवर चक्क हिरवा-जांभळा दिसतो.

यात देवनागरीची वेगळीच गंमत आहे. काही टीव्हींचा सबटायटल दाखवणारा भाग मराठी जोडाक्षरं मोडून दाखवतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर टाकतो, पाय मोडलेलं अक्षर तसंच लोंबतं. म्हणून लोक बर्न-इन लावतात, सर्व्हरवर अक्षरं नीट जुळतात, पण किंमत म्हणजे पुन्हा पूर्ण ट्रान्सकोड. आणि सर्व्हर डॉकरमधे (सॉफ्टवेअर वेगळं, बंदिस्त चालवायची सोय) असला आणि त्यात देवनागरी फॉन्ट नसला तर एवढं करून पडद्यावर येतात नुसते चौकोन. अशा वेळी टीव्हीचं स्वतःचं ॲप सोडून कोडीसारखा प्लेअर असलेला अँड्रॉइड बॉक्स लावणं हाच त्यातल्या त्यात बरा उपाय.

नेटवर्क आणि बाहेरून बघणं

फाइल चालते पण तिचा बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) नेटवर्कला पेलत नाही, असंही होतं. ४के ब्लू-रेचा कमाल वेग १२८ एमबीपीएसपर्यंत जातो आणि बऱ्याच महागड्या टीव्हींचं लॅन पोर्ट अजून १०० एमबीपीएसचंच असतं, तिथे वायर काढून ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय लावलेलं उलट बरं पडतं. घराबाहेरून बघताना अडचण वाढते. भारतातल्या बऱ्याच ब्रॉडबँड कनेक्शनांना स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, एकाच पत्त्यामागे शेकडो घरं असतात, मग पोर्ट उघडूनही उपयोग नसतो आणि प्लेक्स आपल्या रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, गाडी नेतं, ज्याची मर्यादा जेमतेम १-२ एमबीपीएस. सांगलीतल्या घरी ठेवलेल्या सर्व्हरवरून न्यू जर्सीतली मुलगी बघायला बसली की सगळं ट्रान्सकोड का होतं त्याचं उत्तर बहुधा हेच. शिवाय क्लायंटच्या सेटिंगमधे क्वालिटी 'ओरिजिनल' किंवा 'मॅक्सिमम' केलेली नसेल तर घरातल्या घरातही विनाकारण ट्रान्सकोडिंग होतं, सगळ्यात आधी हे बघावं आणि सगळे हेच सगळ्यात शेवटी बघतात.

मतभेद

यावर तीन पंथ दिसतात. पहिला म्हणतो, फाइल आली की ८ बिट एच.२६४, एएसी ऑडिओ, एमपी४ असं करून टाका, कुठेही चालेल. दुसरा म्हणतो, कशाला डोकेफोड, २०११ च्या सँडी ब्रिजपासून इंटेलच्या चिपमधे क्विक सिंक (व्हिडिओ बदलण्यासाठीचं खास हार्डवेअर) आहे, सातव्या पिढीपासून १० बिट एचईव्हीसीही त्यात बसतं, होऊ दे ट्रान्सकोड. तिसरा म्हणतो सर्व्हर राहू दे साधा, पैसे क्लायंटवर घाला. पहिल्या पंथाचं वाईट एवढंच की आधीच दाबलेली फाइल परत दाबणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, आणि उद्या चांगला टीव्ही आला तरी गेलेला तपशील परत येत नाही. दुसरा पंथ चुकीचा नाही, पण प्लेक्समधे हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे मोजावे लागतात, आणि रास्पबेरी पाय ५ मधे तर हार्डवेअर एनकोडरच नाही. पायवाल्यांना आणि जुन्या नॅसवाल्यांना तिसरा मार्गच व्यवहाराचा, कारण काय चालणार हे शेवटी क्लायंट ठरवतो.

घरगुती साठा

मराठी घरांतल्या सर्व्हरवर सिनेमांच्या बरोबरीनं असतात त्या लग्नामुंजीच्या फाइली, आणि तिथे मात्र वरचा सल्ला फिरवावा लागतो. जुन्या व्हीसीडीवर डीएटी नावाची फाइल असते, आत एमपेग-१, ३५२ बाय २८८. डीव्हीडीवर एमपेग-२, ७२० बाय ५७६, तेही इंटरलेस्ड (एकाआड एक रेघा दोन फेऱ्यांत दाखवणारं), म्हणून अक्षता पडताना हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. टीव्हीला एमपेग-२ बहुधा चालतं, मोबाइलच्या ब्राउझरला नाही, आणि दर वेळी डीइंटरलेस करत ट्रान्सकोड होतं. या फाइली एकदाच सावकाश, हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधे डीइंटरलेस लावून एच.२६४ मधे करून घ्याव्यात, रात्री लावून झोपलं तरी चालतं. मूळ फाइल पुसू नये, ती काही जास्त जागा खात नाही, व्हीसीडीतला एक तास ६०० एमबीच्या आसपास बसतो.