मेमोरियल डे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ पाळला जाणारा राष्ट्रीय दिवस. तो मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येतो व त्या दिवशी संघीय सुटी असते. ‘डेकोरेशन डे’ हे त्याचे जुने नाव थडगी फुलांनी सजविण्याच्या प्रथेवरून पडले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते बरेच प्रचारात होते. सैन्यात सेवा केलेल्या सर्वांचा सन्मान करणारा ‘व्हेटरन्स डे’ (११ नोव्हेंबर) निराळा. मात्र दोहोंची गल्लत खुद्द अमेरिकेतही सर्रास होते.

पार्श्वभूमी : या दिवसाचे मूळ अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) आहे, याबद्दल दुमत नाही. उत्तरेकडील संघराज्य आणि त्यातून फुटून निघालेली दक्षिणेकडील ‘काँफेडरेट’ राज्ये यांच्यात ते झाले. या युद्धातील मृतांची संख्या परंपरेने सु. ६,२०,००० मानली जाते. इतिहासकार जे. डेव्हिड हॅकर यांनी २०११ मध्ये जनगणनेच्या आधारे ती सु. ७,५०,००० असावी असे मांडले. त्यानंतरच्या अभ्यासाचा कल या दोन आकड्यांच्या मधे आहे. सैनिकांच्या गळ्यात सरकारी ओळखपट्टी नसे, मृतांच्या नातेवाइकांना कळविण्याची पक्की यंत्रणा नव्हती आणि प्रेते बहुधा रणभूमीवरच घाईघाईने पुरली जात. युद्धानंतरच्या पाच-सहा वर्षांत संघराज्य सरकारने उत्तरेच्या सु. तीन लाख सैनिकांचे अवशेष उकरून सत्तरहून अधिक राष्ट्रीय दफनभूमींत पुन्हा पुरले. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची ओळख पटली नाही. दक्षिणेच्या (काँफेडरेट) सैनिकांना या योजनेतून वगळले होते. त्यांचे अवशेष गोळा करणे, दफनभूमी राखणे व थडग्यांवर फुले वाहणे ही कामे दक्षिणेतील गोऱ्या स्त्रियांच्या स्मारक मंडळांनी अंगावर घेतली. या दिवसाच्या उगमाचा पुढील वाद समजून घेताना ही असमान व्यवस्था लक्षात ठेवावी लागते.

उगमाविषयीचे मत-मतांतर : पहिल्या समारंभाचा मान आपला, असे सांगणारी गावे वीसहून अधिक आहेत. पेनसिल्व्हेनियातील बोल्सबर्ग गाव ऑक्टोबर १८६४ ची तारीख सांगते. तेथे तीन स्त्रियांनी आप्तांच्या थडग्यांवर फुले वाहिली, अशी कथा आहे. तिचा आधार मुख्यतः उत्तरकालीन आठवणींचा आहे, शिवाय खाजगी शोक आणि सार्वजनिक प्रथा यांत फरक करावाच लागतो.

साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटनचा दावा याहून वजनदार आहे. तेथील वॉशिंग्टन रेसकोर्स या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर युद्धाच्या अखेरच्या वर्षात काँफेडरेट सैन्याने युद्धकैद्यांचा तळ ठेवला होता. उघड्यावर राहून व रोगराईने मेलेले किमान २५७ कैदी प्रेक्षागृहामागे एकत्र पुरले होते. शहर उत्तरेच्या सैन्याच्या हाती पडल्यावर तेथील कृष्णवर्णीय मजुरांनी ती प्रेते उकरून ओळीने स्वतंत्र पुरली, भोवती पांढरे कुंपण घातले आणि प्रवेशद्वाराच्या कमानीवर ‘रेसकोर्सचे हुतात्मे’ अशा अर्थाची अक्षरे रंगविली. १ मे १८६५ रोजी सु. दहा हजारांचा जमाव तेथे लोटला. त्यात बहुसंख्य लोक नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले होते, अग्रभागी सु. तीन हजार शाळकरी मुले हातांत फुले घेऊन चालत होती आणि कृष्णवर्णीय पलटणींनी संचलन केले. समकालीन वृत्तपत्रांनी याचे वृत्त दिले होते. पुढे मात्र शहराच्या अधिकृत स्मृतीतून हा प्रसंग जवळजवळ पुसला गेला. कैद्यांचे अवशेष दुसरीकडील राष्ट्रीय दफनभूमीत हलविले गेले आणि मैदानाच्या जागी झालेल्या उद्यानाला वेड हॅम्प्टन या काँफेडरेट सेनानीचे नाव मिळाले. इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांनी १९९० नंतरच्या दशकात हा प्रसंग पुन्हा उजेडात आणला.

डॅनियल बेलवेअर व रिचर्ड गार्डिनर या संशोधकांचा रोख मात्र जॉर्जियातील कोलंबसकडे आहे. तेथील स्मारक मंडळाच्या चिटणीस मेरी ॲन विल्यम्स यांनी मार्च १८६६ मध्ये वृत्तपत्रांना पत्र पाठवून, दक्षिणेतील सर्वांनी दरवर्षी एक दिवस थडगी सजविण्यासाठी ठरवून द्यावा, असे आवाहन केले. त्यासाठी २६ एप्रिल ही तारीख पुढे आली. १८६५ मध्ये याच तारखेला काँफेडरेट जनरल जॉन्स्टन यांनी उत्तरेचे जनरल शर्मन यांच्यापुढे शरणागती पत्करली होती. आवाहन अनेक वृत्तपत्रांनी पुन्हा छापले व त्या वसंतात दक्षिणेत ठिकठिकाणी समारंभ झाले. मिसिसिपीतील कोलंबस येथे २५ एप्रिल १८६६ रोजी स्त्रियांनी शत्रुपक्षाच्या थडग्यांवरही फुले ठेवली. उत्तरेत त्याचे मोठे कौतुक झाले.

सरकारी मान्यता मिळाली ती तिसऱ्याच गावाला. न्यूयॉर्क राज्यातील वॉटर्लू येथे हेन्री वेल्स या औषधविक्रेत्याच्या कल्पनेवरून ५ मे १८६६ रोजी समारंभ झाल्याचे सांगतात. शताब्दीच्या निमित्ताने काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) ठराव केला आणि मे १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वॉटर्लूला ‘जन्मस्थान’ म्हणून घोषित केले. १८६६ च्या समारंभाचा समकालीन पुरावा दाखविता येत नाही, असा त्यावर गंभीर आक्षेप आहे. ठरावाने इतिहास सिद्ध होत नाही, हे वेगळे सांगायला नको. उपलब्ध साधने पाहता, सर्वांत जुना मोठा सार्वजनिक समारंभ चार्ल्सटनचा, तर दरवर्षी ठरलेल्या तारखेला पाळण्याच्या प्रथेचा धागा जॉर्जियातील कोलंबसपासून सलग दाखविता येतो, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

राष्ट्रीय स्वरूप : उत्तरेच्या निवृत्त सैनिकांची ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना १८६६ मध्ये इलिनॉयमध्ये स्थापन झाली. तिचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनी ५ मे १८६८ रोजी काढलेल्या अकराव्या आदेशाने ३० मे ही तारीख ठरविली. ती कोणत्याही मोठ्या लढाईची तिथी नव्हती. तोवर देशभर फुले उमललेली असतात म्हणून ती निवडली, असे सामान्यतः मानतात. कल्पना लोगन यांना कोठून सुचली, हा आणखी एक वाद आहेच : पत्नीने व्हर्जिनियातील पीटर्सबर्ग येथे पाहिलेली सजविलेली थडगी हे एक उत्तर, तर लोगन स्वतः ज्या समारंभात वक्ते होते तो इलिनॉयमधील कार्बनडेलचा एप्रिल १८६६ चा कार्यक्रम हे दुसरे. पहिल्याच वर्षी वॉशिंग्टनजवळील आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत जेम्स गारफील्ड (पुढे राष्ट्राध्यक्ष) यांचे भाषण झाले व सु. पाच हजार लोकांनी फुले वाहिली. ही दफनभूमी काँफेडरेट सेनापती रॉबर्ट ई. ली यांच्या कुटुंबाच्या जप्त केलेल्या जमिनीवर आहे. न्यूयॉर्क राज्याने १८७३ मध्ये या दिवसाची सुटी दिली. १८९० पर्यंत उत्तरेकडील राज्यांत ती रूढ झाली.

दक्षिणेने ३० मे दीर्घकाळ मानला नाही. तेथे स्वतंत्र ‘काँफेडरेट मेमोरियल डे’ राहिला, तोही राज्याराज्यांत वेगवेगळ्या तारखांना : जॉर्जियात २६ एप्रिल, कॅरोलायनांत १० मे. दोन्ही बाजूंचे सैनिक सारखेच शूर होते, हा सलोख्याचा सूर १८८० नंतर वाढत गेला. गुलामगिरीचा प्रश्न त्यात मागे पडला. याला विरोध आधीच झाला होता : ३० मे १८७१ रोजी आर्लिंग्टन येथील अज्ञात सैनिकांच्या स्मारकापाशी गुलामगिरीतून सुटून आलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी, राष्ट्राच्या जिवावर उठलेले व त्याला वाचविणारे यांना एका तागडीत तोलू नये, असे बजावले होते. स्पेनशी झालेल्या १८९८ च्या युद्धात उत्तर व दक्षिण एका ध्वजाखाली लढली. १९०० मध्ये आर्लिंग्टन येथे काँफेडरेट मृतांसाठी वेगळा भाग राखण्यास मंजुरी मिळाली. तेथील शिळांचा माथा टोकदार आहे, तर इतरांचा गोलाकार. या भागातील १९१४ चे स्मारक डिसेंबर २०२३ मध्ये हटविण्यात आले.

विसावे शतक : पहिल्या महायुद्धानंतर हा दिवस सर्व युद्धांतील मृतांचा मानला जाऊ लागला. कापडी लाल पॉपी फुले विकून जखमी सैनिकांसाठी निधी उभारण्याची प्रथा याच काळातली. शोक व सुटी यांची ओढाताण मात्र त्याआधीचीच. इंडियानापोलिसची प्रसिद्ध मोटारशर्यत १९११ पासून याच दिवशी होऊ लागली; ती बंद करण्याचे विधेयक इंडियाना विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केले, पण गव्हर्नरांनी ते नाकारले. १९६८ च्या कायद्याने हा दिवस सोमवारला जोडला व १९७१ पासून अंमलबजावणी झाली. व्हिएटनाम युद्ध तेव्हा चालू होते. त्याच वर्षी मेमोरियल डेच्या जोडसुटीत युद्धविरोधी माजी सैनिकांनी मॅसॅच्युसेट्समध्ये मोर्चा काढला आणि लेक्सिंग्टन येथे चारशेहून अधिक लोकांना अटक झाली. ३० मे ही तारीख परत आणावी म्हणून हवाईचे सेनेटर डॅनियल इनोये यांनी वर्षानुवर्षे विधेयके मांडली. दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या या सेनेटरांना त्यात यश आले नाही.

सध्याची प्रथा : ध्वज सकाळी अर्ध्यावर असतो व दुपारी बाराला पूर्ण चढवितात. २००० च्या कायद्याने दुपारी तीन वाजता क्षणभर स्तब्धता पाळण्याचे आवाहन केले आहे. प्रत्यक्षात ते फारसे पाळले जात नाही. राष्ट्राध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी आर्लिंग्टन येथे अज्ञात सैनिकाच्या थडग्यावर पुष्पचक्र वाहतात. त्याआधीच्या गुरुवारी तिसऱ्या पायदळ रेजिमेंटचे सैनिक तेथील अडीच लाखांहून अधिक थडग्यांपुढे छोटे ध्वज रोवतात. शिळेपासूनचे अंतर प्रत्येक वेळी बुटाच्या लांबीने मोजले जाते. एरवी बहुतेकांसाठी हा उन्हाळ्याचा आरंभ, परसातील बार्बेक्यूचा आणि गाद्या-मोटारींच्या सवलत विक्रीचा शनिवार-रविवारला जोडून आलेला सोमवार असतो. जॉर्जियाने २०१५ मध्ये आपल्या सुट्यांच्या यादीतून ‘काँफेडरेट’ हा शब्द गाळला. अलाबामा व मिसिसिपीत ‘काँफेडरेट मेमोरियल डे’ची सुटी एप्रिलमध्ये वेगळी मिळते.